वर्ग भरले, पण जहाजे कोठे आहेत?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. मुलगा पारनेर तालुक्यातल्याच एका खेड्यातला, बारावीला विज्ञान शाखेत बरे गुण मिळवलेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत त्याने तीन कागद जपून आणले होते : एक छापील प्रमाणपत्र, एक पैशांची पावती आणि परदेशी जहाजावर इंजिन विभागात आपली निवड झाल्याचे कळवणारे एक पत्र. मुंबईतील एका मध्यस्थाने हे कागद दिले होते आणि त्यांच्या मोबदल्यात जी रक्कम घेतली होती, तिच्यासाठी वडिलांनी दोन एकर जमीन गहाण टाकली होती. पत्र येऊन आठ महिने लोटले होते. जहाज आले नव्हते आणि मध्यस्थाचा दूरध्वनी लागेनासा झाला होता. वडील म्हणाले, "सर, समुद्र आमच्या घरात कुणी पाहिला नाही. कागद खरा की खोटा, एवढंच सांगा."

कागद खोटाच होता. प्रमाणपत्रावर ज्या अभ्यासक्रमाचे नाव होते त्याला नौवहन महासंचालनालयाची मान्यता नव्हती आणि खलाशाला जी नोंदपुस्तिका घेतल्यावाचून जहाजावर पाऊल टाकता येत नाही, ती मुलाजवळ नव्हतीच. ही एका घराची फसवणूक झाली, तिची तक्रारही यथावकाश पोलिसांत गेली. परंतु ते दोघे निघून गेल्यावर माझ्या मनात जो प्रश्न उरला तो त्या मध्यस्थाविषयीचा नव्हता. व्यापारी जहाजावरील अभियंत्याचा व्यवसाय खरा आहे, प्रतिष्ठेचा आहे, त्याचे शिक्षण देणाऱ्या उत्तम संस्था याच राज्यात आहेत. असे असताना या मुलाला खरा रस्ता ठाऊक नसावा आणि खोटा रस्ता मात्र घरपोच मिळावा, हे कशामुळे घडले?

पर्जन्यछायेत वसलेल्या पारनेरने समुद्राचा विचार कशासाठी करावा, असे कोणी म्हणेल. परंतु या तालुक्यातील तरुण पिढ्यान्पिढ्या पोटासाठी मुंबईला जात आला आहे. पारनेरचेच सुपुत्र पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढे सेनापती म्हणून महाराष्ट्राला वंद्य झालेले बापट, १९०४ साली शिष्यवृत्ती मिळवून अभियांत्रिकी शिकण्यासाठी समुद्र ओलांडून एडिंबरोला गेले होते. विद्येसाठी समुद्र ओलांडणे या मातीला नवे नाही.

मागणी आहे, मग अडचण कोठे?

भारताच्या परदेश व्यापारातील मालापैकी वजनाच्या हिशेबाने सुमारे ९५ टक्के आणि मूल्याच्या हिशेबाने सुमारे ७० टक्के माल समुद्रमार्गे जातो-येतो. जहाजमालकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या मनुष्यबळ अहवालानुसार जगाच्या व्यापारी ताफ्यावर सुमारे १८ लाख ९० हजार माणसे काम करीत होती आणि २०२६ पर्यंत आणखी ८९,५१० अधिकारी लागतील असा अंदाज त्यात वर्तवला होता. अशी माणसे पुरवणाऱ्या पहिल्या पाच देशांत फिलिपिन्स, रशिया, इंडोनेशिया व चीन यांच्या जोडीने भारताची गणना होते.

हे आकडे वाचले म्हणजे कोणत्याही पालकाला वाटेल की मुलाला या शिक्षणक्रमात घातले की नोकरी ठरलेलीच. जाहिरातीही हेच सांगतात. वस्तुतः त्याच अहवालाचा बारकाईने विचार केला तर तुटवडा प्रामुख्याने अनुभवी अधिकाऱ्यांचा, विशेषतः वरच्या पातळीवरील अभियंत्यांचा आहे. नुकताच वर्गातून बाहेर पडलेला प्रशिक्षणार्थी मात्र पहिल्या जहाजासाठी महिनोन्महिने ताटकळत असतो. वर तुटवडा आणि खाली गर्दी अशी ही अवस्था आहे. मधला जिना अरुंद आहे म्हणून ती निर्माण झाली आहे.

तो जिना कोणता, हे समजून घेतले पाहिजे. मरीन इंजिनिअर केवळ पदवीने होत नाही. चार वर्षांची सागरी अभियांत्रिकीची पदवी, किंवा यांत्रिकी अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्यानंतर एक वर्षाचा विशेष अभ्यासक्रम, किंवा यांत्रिकी पदविकाधारकांसाठी असलेला दोन वर्षांचा अभ्यासक्रम, यांपैकी एक मार्ग पुरा केला तरी उमेदवार अधिकारी ठरत नाही. त्याला प्रत्यक्ष जहाजावर प्रशिक्षणार्थी म्हणून किमान सहा महिने काढावे लागतात. तेथे केलेल्या प्रत्येक कामाची नोंद एका वहीत वरिष्ठ अभियंत्याच्या सहीनिशी करून घ्यावी लागते. त्यानंतर सक्षमतेची लेखी व तोंडी परीक्षा होते, आणि तेव्हा कोठे चौथ्या वर्गाचे प्रमाणपत्र हाती पडते. पुढे समुद्रावरील सेवा आणि परीक्षा यांच्या एकेक पायरीने दुसऱ्या व पहिल्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळवीत तो मुख्य अभियंत्याच्या पदापर्यंत चढतो. जहाजावरची ती पहिली सहा महिन्यांची जागा मिळाली नाही, तर चार वर्षांचे शिक्षण आणि त्यासाठी काढलेले कर्ज अर्ध्या वाटेवर अडकून पडते.

आगवाल्यापासून अभियंत्यापर्यंत

ही जागा आपल्या माणसांना मिळावी म्हणून या देशात केवढा झगडा करावा लागला, याची आठवण आज पुसट झाली आहे. वाफेच्या आगबोटींच्या काळात इंग्रजी कंपन्यांच्या जहाजांवर भट्टीत कोळसा ओढणारे आगवाले मोठ्या संख्येने हिंदी असत. परंतु त्याच इंजिनघरात प्रमाणपत्रधारक अभियंता म्हणून उभा असे तो गोरा माणूस. हिंदी माणसाच्या अंगी यंत्रविद्या नव्हती म्हणून असे होते काय? मुंबईच्या वाडिया घराण्यातील अर्देसर कर्सेटजी यांनी १८३३ मध्येच येथे वाफेची नौका बांधली होती. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य निवडले गेले. तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. मुंबईच्या सरकारी वाफयंत्रांच्या कारखान्याचे प्रमुख अभियंता म्हणून युरोपियन कारागीर त्यांच्या हाताखाली काम करीत. तरीही त्यानंतरची सुमारे पाऊणशे वर्षे हिंदी तरुणांना सागरी अधिकारी म्हणून घडवणारी एकही संस्था येथे निघाली नाही. विद्या होती, परंतु विद्येला दार नव्हते.

५ एप्रिल १९१९ रोजी सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांच्या या धाडसाच्या स्मरणार्थच ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. जहाजे आपली झाली तरी ती चालवणारे अधिकारी कोठून आणायचे, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. १९२३ च्या हिंदी व्यापारी नौवहन समितीने प्रशिक्षण-नौकेची शिफारस केली आणि १९२७ साली 'डफरिन' ही नौका माझगावजवळच्या समुद्रात या कामासाठी उभी राहिली. प्रारंभी तेथे नौकानयनाचे शिक्षण मिळे. पुढे काही वर्षे अभियंतेही तेथे शिकले.

स्वातंत्र्यानंतर मात्र वेगाने पावले पडली. १९४८ मध्ये मुंबईत नाविक व अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले. त्याला नंतर लालबहादूर शास्त्रींचे नाव देण्यात आले. सागरी अभियांत्रिकीच्या प्रशिक्षणासाठी १९४९ साली स्वतंत्र व्यवस्था उभारण्यात आली, तिचे प्रमुख केंद्र कलकत्त्यात होते. नौवहन महासंचालनालयाची स्थापनाही १९४९ चीच. 'डफरिन'च्या जागी १९७२ मध्ये 'राजेंद्र' आली आणि १९९३ मध्ये ही परंपरा नवी मुंबईत जमिनीवर 'चाणक्य' या नावाने स्थिरावली. १९९९ साली कोलकात्याच्या संस्थेतून सोनाली बॅनर्जी उत्तीर्ण झाल्या, त्या देशातील पहिल्या महिला मरीन इंजिनिअर. २००८ च्या कायद्याने भारतीय सागरी विद्यापीठ अस्तित्वात आले, त्याचे मुख्यालय चेन्नईला आहे आणि या जुन्या सरकारी संस्था आता त्याच्या छत्राखाली आहेत.

या पहिल्या पन्नास वर्षांचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. सरकारी संस्थांत जागा थोड्या असत, निवड कठोर असे आणि १९६१ साली स्थापन झालेल्या भारतीय नौवहन महामंडळासारख्या कंपन्यांच्या जहाजांवर प्रशिक्षणाची सोय होत असे. वर्ग आणि जहाज यांचे गणित बरेचसे जुळत होते.

पठारावरची जहाजे

१९९७ मध्ये हे क्षेत्र खाजगी संस्थांना खुले झाले आणि चित्र पालटले. नवल असे की, महाराष्ट्रातील काही नामांकित सागरी संस्था समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर किंवा पायथ्याशी आहेत. तळेगावजवळच्या इंदुरीत तोलानी संस्था, लोणावळ्याजवळ समुंद्रा, लोणी काळभोरला मॅनेट, कर्जतला अँग्लो-ईस्टर्न. यांतल्या काही आमच्या सुप्याहून मुंबईपेक्षा जवळ आहेत. तेथे आवारातच जहाजाचे इंजिनघर उभारलेले असते. जनित्रे, पंप, बॉयलर, शुद्धीकरण यंत्रे प्रत्यक्ष चालवून विद्यार्थी हात काळे करून घेतो. शिक्षण देण्यासाठी समुद्रकिनारा लागत नाही, हे या संस्थांनी सिद्ध केले आहे. पदवीचे वर्ग पठारावर भरवता येतात. त्यानंतरचे सहा महिने मात्र समुद्रावरच काढावे लागतात, आणि खाजगीकरणानंतर वर्ग जितक्या वेगाने वाढले तितक्या वेगाने जहाजावरच्या प्रशिक्षणार्थीच्या जागा वाढल्या नाहीत. या दोहोंमधल्या फटीत मध्यस्थाचे दुकान थाटले गेले.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला या फटीचे कारण नवे वाटत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ च्या आपल्या 'ह्यूमन कॅपिटल' या ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले. एक प्रकार असा की, शिकलेले कौशल्य फक्त त्याच कारखान्यात उपयोगी पडते. दुसरा असा की, ते कोणत्याही कारखान्यात चालते. दुसऱ्या प्रकारच्या प्रशिक्षणावर मालक स्वतःचा पैसा सहसा खर्च करीत नाही. कारण शिकवून तयार केलेला माणूस उद्या शेजारचा मालक चार पैसे जास्त देऊन घेऊन जातो. मरीन इंजिनिअरचे प्रशिक्षण हे या दुसऱ्या प्रकाराचे अगदी स्वच्छ उदाहरण आहे. सागरी प्रशिक्षण व प्रमाणपत्रांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार १९७८ साली झाला, १९८४ मध्ये अमलात आला, १९९५ आणि २०१० मध्ये त्यात मोठ्या सुधारणा झाल्या. या करारामुळे एका देशात मिळवलेली पात्रता जगभर मान्य होते. खलाशाच्या दृष्टीने ही मोठीच सोय आहे. परंतु त्यामुळेच प्रशिक्षणार्थीला जहाजावर जागा, जेवण, विद्यावेतन आणि वरिष्ठांचा वेळ देणाऱ्या कंपनीला तो आपल्याकडेच राहील अशी खात्री उरत नाही. प्रत्येक कंपनीला तयार अभियंता हवा आहे आणि त्याला तयार करण्याचा भार मात्र दुसऱ्या कंपनीने उचलावा अशी तिची इच्छा आहे.

काही परदेशी जहाजे चालवणाऱ्या कंपन्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला, त्यांनी स्वतःच महाविद्यालये काढली. प्रवेश देतानाच विद्यार्थी आपल्या जहाजासाठी निवडायचा आणि शिक्षण संपताच त्याला जहाजावर घ्यायचे. अशा संस्थेत प्रवेश मिळालेल्या मुलाची चिंता पुष्कळ कमी होते. उरतात ते अशा संस्थांत प्रवेश न मिळालेले, ज्यांच्यामागे कोणतीही जहाजकंपनी नाही असे विद्यार्थी. त्यांत खेड्यांतून आलेल्यांचा भरणा असावा हे सांगायला संशोधनाची गरज नाही.

सरकारला हे तत्त्व उमगलेले नाही असे म्हणता येणार नाही. २००४ साली जहाजकंपन्यांना नफ्याऐवजी जहाजांच्या आकारमानावर कर भरण्याची सवलत देण्यात आली, तेव्हा तिच्याबरोबर प्रशिक्षणाची अटही प्राप्तिकर कायद्यात घालण्यात आली. सवलत घ्यायची तर ठरलेल्या प्रमाणात प्रशिक्षणार्थी घेतलेच पाहिजेत. समाजाला लाभ होतो परंतु बाजारात ज्याचा मोबदला मिळत नाही, अशा कामाला करसवलतीने प्रवृत्त करण्याचा हा मार्ग शास्त्रशुद्ध आहे. परंतु त्याला एक मर्यादा आहे. ही अट भारतीय कराच्या जाळ्यातल्या कंपन्यांना लागू होते, आणि आपल्या परदेश व्यापारातला भारतीय जहाजांचा वाटा १९८० च्या दशकात सुमारे ४० टक्के होता तो आता दहा टक्क्यांच्या आत आला आहे. ज्या ताफ्यावर अटीचा भार टाकायचा तोच व्यापाराच्या मानाने तोकडा पडला. खलाशी पुरवण्यात पहिल्या पाचांत असलेला हा देश जहाजांच्या मालकीत जगाच्या एक-दीड टक्क्याच्या आसपास आहे. म्हणजे आपली मुले दुसऱ्याच्या दारात उभी राहून जागा मागत आहेत.

काय करता येईल

पहिली सूचना अशी की, कोणत्याही संस्थेची प्रवेशसंख्या तिच्या वर्गखोल्या आणि यंत्रशाळा मोजून ठरवण्याऐवजी, मागील तीन वर्षांत तिचे किती विद्यार्थी प्रत्यक्ष जहाजावर चढले त्यावर ठरावी, आणि हा आकडा प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापण्याची सक्ती असावी. आकडा झाकून ठेवता येतो तोवर जाहिरातीला जोर राहील. शिक्षणसंस्था म्हणतील की जहाजे देणे आमच्या हाती नाही. मान्य आहे. पण मग जी वस्तू आपल्या हाती नाही तिच्या आशेवर शुल्क घेणे कितपत योग्य, याचे उत्तर त्यांनी द्यावे.

दुसरी सूचना : प्रशिक्षणार्थीच्या खर्चाचा भार सगळ्या उद्योगाने मिळून उचलावा. भारतीय अधिकारी घेणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून, मग ती देशी असो वा परदेशी, माणशी अल्पशी रक्कम एका निधीत जमा व्हावी आणि जी कंपनी प्रशिक्षणार्थीला जागा देईल तिला त्यातून भरपाई मिळावी. जो शिकवतो त्याने गमवायचे आणि जो पळवतो त्याने कमवायचे, ही रीत मोडल्याखेरीज जागा वाढणार नाहीत. परदेशी कंपन्या मग दुसऱ्या देशांतील माणसे घेतील, अशी भीती घातली जाईल. रक्कम अवाजवी असेल तर ती भीती खरी ठरेल. रक्कम माफक असेल आणि बदल्यात चांगला शिकलेला अभियंता मिळणार असेल, तर ती खरी ठरण्याचे कारण नाही. व्यापारी नौवहनाचा १९५८ चा कायदा बदलून संसदेने २०२५ साली नवा कायदा संमत केला आहे. त्याखालील नियम करताना या प्रश्नाचा विचार व्हावा.

तिसरी सूचना अभ्यासक्रमाविषयी आहे. १९१२ मध्ये 'सेलांडिया' हे डिझेल इंजिनावर चालणारे डॅनिश जहाज महासागरात उतरले आणि कोळसा ओढणाऱ्या आगवाल्याचे युग मावळू लागले. आज तसाच पालट दाराशी आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातील गंधकाचे प्रमाण जगभर अर्ध्या टक्क्यावर आणले गेले. २०५० च्या सुमारास जहाजांचे कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे ध्येय आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०२३ मध्ये जाहीर केले. द्रवरूप वायू, मिथेनॉल, अमोनिया ही इंधने हाताळणारा अभियंता वेगळ्या तयारीचा लागेल. अमोनिया विषारी आहे आणि तेथे झालेली चूक दुरुस्त करायला वेळ मिळत नाही. ज्या देशाची मुले या इंधनांवर आधी तयार होतील त्यांना जागा आधी मिळेल. येथे उशीर झाला तर आज मिळते तीही जागा हातची जाईल.

शेवटची सूचना आम्हा शिक्षकांसाठी आहे. तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या आमच्या महाविद्यालयांत स्पर्धा परीक्षांची मार्गदर्शन केंद्रे आहेत, परंतु सागरी शिक्षणाची प्रवेशपरीक्षा असते हे सांगणारा फलक कोठे दिसत नाही. तो लावायला अनुदान लागत नाही. त्यावर चार ओळी पुरेत. संस्थेला आणि अभ्यासक्रमाला नौवहन महासंचालनालयाची मान्यता आहे काय, हे आधी पाहावे. डोळ्यांची, विशेषतः रंगांधळेपणाची तपासणी शुल्क भरण्यापूर्वी करून घ्यावी. कारण त्या एका दोषावर अनेकांचा प्रवेश अखेरच्या क्षणी हुकतो. शिक्षणानंतर जहाज कोणत्या कंपनीचे मिळणार, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारावे. आणि चौथी ओळ मोठ्या अक्षरांत असावी : नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. २००६ च्या सागरी श्रम करारात ही तरतूद आहे आणि भारताने २०१५ मध्ये त्या कराराला मान्यता दिली आहे. नेमणूक करणाऱ्या संस्थेला परवाना लागतो आणि तिचा मोबदला जहाजमालक देतो. जो उमेदवाराकडे पैसे मागतो तो त्याच क्षणी स्वतःची ओळख पटवून देतो.

ही चौथी ओळ त्या शेतकऱ्याला वर्षभर आधी कोणी वाचून दाखवली असती, तर त्याचे दोन एकर गहाण पडले नसते. त्या मुलाने आता तंत्रनिकेतनात यांत्रिकी पदविकेला प्रवेश घेतला आहे. पदविका पूर्ण झाल्यावर सागरी अभ्यासक्रमाकडे वळण्याचा त्याचा विचार अजून कायम आहे आणि त्याच्या वडिलांनी त्याला विरोध केलेला नाही, याचे मला कौतुक वाटते. तीन-चार वर्षांनी तो पुन्हा दाराशी येईल तेव्हा त्याच्या हातात खरे प्रमाणपत्र असेल. परंतु त्या प्रमाणपत्रापुढची सहा महिन्यांची जागा त्याला कोण देणार, या प्रश्नाचे उत्तर मजजवळ नाही. ते ज्यांच्याजवळ असायला हवे त्यांना विचार करायला अजून तीन-चार वर्षे आहेत.